कापडे गाडीची वाळू

आमचे मामा रोज सकाळी सात वाजता माशांना खायला घालतात, पण त्याआधी घोषणा करतात. काचेच्या टाकीसमोर उभे राहतात, शर्टाचं वरचं बटण लावतात, घसा साफ करतात आणि नाकातून सुरू होतात, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. पोलादपूर, बिरवाडी, हिरकणीवाडी, कापडे या गाड्या फलाट क्रमांक एकवर लागत आहेत. घाई करू नये. सामान आपापलं सांभाळावं."

मग चिमूटभर दाणे टाकतात. पोलादपूर, बिरवाडी, हिरकणीवाडी आणि कापडे हे चार गोल्डफिश वर येतात आणि भरपूर घाई करतात.

मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. महाडच्या स्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण माइक सुटला नाही. लाईट गेली की "तांत्रिक बिघाडामुळे." चहा उकळला की "लागला." मला कॉलेजातून यायला उशीर झाला, तर दार उघडायच्या आधी आतून आवाज येतो, "कापडे गाडी चाळीस मिनिटं उशिरा धावत आहे." मी मूळची कापड्याची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शिकायला महाडला, मामांकडे राहते. आत्या चार वर्षांपूर्वी गेली. घरात आम्ही दोघं आणि चार गाड्या.

टाकीच्या तळाला लाल-निळे खडे होते. त्यातला कापडे नावाचा मासा सारखा खाली तोंड खुपसून खडे उचलायचा आणि थुंकायचा. एकदा एक निळा खडा त्याच्या तोंडातच अडकला. मामांनी त्याला ओल्या हातात धरून माझ्या भुवयांच्या चिमट्यानं खडा काढला. "रस्ता मोकळा," म्हणाले. दुकानदारानं सांगितलं, खडे काढा, बारीक वाळू घाला.

"वाळू कापड्याचीच पायजे," मामा म्हणाले.

"अहो मामा, वाळू ती वाळू. इथे मिळेल की."

"नाय गो. तुझी आत्या सांगायची, तिथल्या ओढ्यातली वाळू पायाला टोचत नाय. शनिवारी घरी जातेस ना, तेव्हा गोणीभर आण. तहसीलदारांनी अडवलं, तर सांग, घर नाय बांधत, मासे बसवतोय."

मी बाबांना सांगितलं. बाबा ओढ्यात उतरले. आईच्या चाळणीतून वाळू चाळली म्हणून आईची बोलणी खाल्ली. सात पाण्यांनी धुतली. खताच्या रिकाम्या गोणीत भरून सुतळीनं तोंड बांधलं. मग माझा मार्कर मागून घेतला आणि गोणीवर एकेक अक्षर जोर देऊन लिहिलं, 'भावोजी, महाड'. बाबांची शाळा चौथीपर्यंत. ते लिहीत होते तेव्हा मी दुसरीकडे बघत होते.

रविवारी दुपारी बाबांनीच गोणी गाडीत चढवून दिली, माझ्या सीटसमोर. पोलादपूरला स्नेहल चढली. माझ्या वर्गातली. तिचे वडील शिक्षक, तिचं बोलणं पुस्तकासारखं. ती माझ्याशेजारी बसली आणि तिची सँडल गोणीला लागली.

"ई! ही खताची गोणी कुणाची?"

कंडक्टर मागून आले. "कुणाची हाय गोणी? वाटेत ठेवलीय ती?"

स्नेहलनं माझ्याकडे पाहिलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "मी चढले तेव्हा इथेच होती."

इतक्या शुद्ध मराठीत मी त्याआधी कधी खोटं बोलले नव्हते.

कंडक्टरांनी गोणी ओढत पुढे ड्रायव्हरजवळ नेली. महाडपर्यंत मला बाबांची अक्षरं दिसत होती. उतरल्यावर स्नेहल जाईपर्यंत थांबायचं आणि परत वळायचं, असं मी ठरवलं होतं. पण ती माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत बोलत आली, आणि मी परत आले तोवर गाडी डेपोत गेली होती. चौकशी खिडकीवर जाऊन विचारायचं, तर आता काय म्हणून विचारायचं?

मामांच्या गल्लीच्या तोंडाशी एक बिल्डिंग उभी राहत होती. समोर वाळूचा ढीग. मी दोन पिशव्या भरल्या.

मामांनी चिमूटभर वाळू तळहातावर घेतली. "कापड्याची?"

"हो."

त्यांनी मूठ मिटली. पुढचा तासभर मामा जत्रेतल्या पोरासारखे होते. चारही मासे बादलीत सोडले, त्याला 'पर्यायी थांबा' असं नाव मिळालं. वाटीनं खडे उपसले. वाळू धुवायचं काम माझ्याकडे होतं. तीन पाण्यांनी धुतली तरी पाणी पांढुरकंच येत होतं. त्या ढिगात सिमेंट सांडलेलं होतं, हे मला कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं.

टाकी भरली, तर आत काही दिसेना.

"घाटातलं धुकं हाय," मामा म्हणाले. "सकाळपर्यंत विरेल."

सकाळी सात वाजता घोषणा झाली नाही. तीन मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. चौथा तळाला आडवा पडला होता. मामांनी तिघांना बादलीत हलवलं. कापड्याला रुमालात घेतलं आणि तुळशीच्या कुंडीत पुरलं. एखादी गाडी रद्द झाल्याचं त्यांनी हजार वेळा जाहीर केलं असेल. त्या दिवशी केलं नाही.

"चूक माझीच," संध्याकाळी म्हणाले. "म्हाताऱ्याचं खूळ. उगाच गावाची वाळू, गावाची वाळू. तुझ्या बाबांना त्रास दिला आणि मुक्या जिवाला मारलं."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी भांडी घासत होते, ती घासत राहिले.

मामा रोज दुपारी जुन्या मंडळींबरोबर चहा प्यायला स्टँडवर जातात. बुधवारी लवकर परत आले. दारातूनच म्हणाले, "रुपे, चप्पल घाल. स्टँडवर जायचंय."

मला कळलं, त्यांनी गोणी पाहिली. मी चप्पल घातली.

वाटेत मामा माझ्याकडे न बघता बोलू लागले. "तीस वर्षं झाली. मी नवा कंट्रोलर. डेपोचे साहेब माझ्या खोलीत बसलेले. तुझी आत्या कापड्याहून आली, डोक्यावर तांदळाचं बोचकं, पाय चिखलात भरलेले. खिडकीशी उभी राहून म्हणाली, अवो, जरा हात लावा. साहेबांनी विचारलं, कोण ही? आणि मी माइक चालू केला."

"काय बोललात?"

"प्रवाशांनी चौकशी खिडकीसमोर गर्दी करू नये."

आम्ही बरंच चाललो.

"ती बाजूला झाली. एकटीच उभी होती, गर्दी कसली? घरी आल्यावर मला जेवायला वाढलं. एका अक्षरानं बोलली नाय. पण नंतर कधी स्टँडवर आली नाय गो. माझी ड्युटी असली की नाक्यावरच उतरायची आणि बोचकं घेऊन चालत यायची."

कंट्रोलरच्या खोलीत, कोपऱ्यात, एक छत्री आणि एक डबा यांच्याबरोबर आमची गोणी होती. 'भावोजी, महाड'. खिडकीतला तरुण कंट्रोलर म्हणाला, "मामा, न्या की. तुम्हाला काय विचारायचं?"

"नाय. नियम हाय. ज्याची वस्तू, त्यानं सांगायचं." मामा बाजूला सरकले. "विचार हिला."

कॉलेज सुटलेलं होतं. माझ्या मागे निम्मा वर्ग गाडीची वाट बघत होता. स्नेहलही असावी, मी वळून पाहिलं नाही.

"कुणाची गोणी, ताई?"

"माझी."

मागे एका गाडीनं इंजिन सुरू केलं.

"मोठ्यानं," मामा म्हणाले. "तुझ्याकडं माइक नाय."

"माझी! कापड्याची आहे. माझ्या बाबांनी भरून दिलीय."

एक टोक मी धरलं, दुसरं मामांनी. घर येईपर्यंत त्यांनी टोक सोडलं नाही, की कसली घोषणाही केली नाही. त्या वाळूचं पहिलंच पाणी नितळ आलं.

बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. फोनवर ते विचारतात, मासे रमले का वाळूत? मी हो म्हणते.

गोणी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मामा टाकीसमोर उभे राहिले. काळसर, मऊ वाळूवर तीन मासे तोंड घासत हिंडत होते. मामांनी बटण लावलं. "पोलादपूर, बिरवाडी, हिरकणीवाडी," म्हणाले आणि थांबले. मला वाटलं, संपलं.

"कापड्याच्या प्रवाशांनी चौकशी खिडकीसमोर यावे," मामा म्हणाले. आवाज नाकातला नव्हता. "कंट्रोलर जागेवर हाय."