मायप्पा सरांचे जावईबापू

मायप्पा सर भेटले की आधी परीक्षा घेत. रामराम नाही, चहा नाही, थेट तुमच्या सदऱ्यावर बोट. "सांगा बगू, ह्यो रंग कंचा?" तुम्ही म्हणायचं, हिरवा. मग ते मान डोलवत, "बरोबर!" आणि पुढच्या उमेदवाराकडे वळत. बाजारात टोमॅटोवाली, एसटीत कंडक्टर, कुणीही सुटायचं नाही. एका लग्नात तर अंतरपाट धरलेला असताना त्यांनी नवरीच्या मामाला शालूचा रंग विचारला. मामा गोंधळून "लाल" म्हणाला आणि पास झाला. त्यांच्या परीक्षेत कुणी नापास झाल्याचं मी कधी पाहिलं नाही.

कर्नाटकात हुमनाबादकडच्या एका खेड्यातल्या हायस्कुलात मी मराठी शिकवायचो आणि ते विज्ञान. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी, त्यामुळे ही परीक्षा मी वीस वर्षं रोज दिली. विज्ञान फार शिकवलं की डोक्यातला एखादा स्क्रू ढिला होत असावा, असं माझं ठाम मत झालं होतं.

मग शाळेत रोबो आला. गावातली शिकलेली पोरं तेव्हा पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांत जाऊन बसली होती, सरांचा मुलगाही पुण्यातच होता. उरलेल्यांना गावातच काहीतरी नवीन शिकवावं म्हणून बेंगळुरूच्या एका संस्थेनं खोकं पाठवलं. आत दोन चाकांची काळी गाडी, पाठीवर एवढासा पडदा आणि पुढे कपाळावर वाटाण्याएवढा काचेचा डोळा. त्या एकाच डोळ्यानं रंगही ओळखायचा आणि आडवं काही आलं तर त्याचं अंतरही. सोबत पत्र होतं. दसऱ्याच्या सुट्टीनंतर बीदरहून साहेब येतील, त्यांना प्रात्यक्षिक पटलं तर रोबो शाळेचा, नाहीतर दुसऱ्या गावाला.

मायप्पा सरांनी त्याचं नाव 'जावईबापू' ठेवलं. "लांबून आलाय, सांगितल्याबिगर हलत न्हाई, अन् खायला घातल्याबिगर तर मुळीच न्हाई," असं त्यांचं म्हणणं. स्वतःच्या रेडिओतले सेल काढून ते आधी जावईबापूंना घालत.

कॉम्प्युटरवर हुकूम लिहायचे आणि वायरनं ते जावईबापूंच्या पोटात सोडायचे. हिरवा दिसला तर चाल, लाल दिसला तर थांब, चार बोटांवर काही आलं तर मागं सर. यंत्राला बोटं कळत नाहीत, सेंटिमीटर लागतात. ते करताना सरांच्या हातून एक शून्य जास्त पडलं. जावईबापू स्टाफरूममध्ये सोडले तर टेबल दिसलं की मागे, मी दिसलो की मागे, हेडमास्तर दिसले की झपाट्यानं मागे. शेवटी ढुंगण भिंतीला लागलं तरी चाकं फिरतच होती.

"मागं डोळा न्हाई त्याला," सर म्हणाले.

"मग हेडमास्तरांना कामून भ्यायलाय?" मी विचारलं.

"तेवढं त्याला न शिकवता कळालंय," म्हणत सरांनी जास्तीचं शून्य खोडलं.

एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी विसरलेली छत्री न्यायला परत आलो. सर एकटेच होते. एका हातात लाल कार्ड, दुसऱ्यात हिरवं. आधी एक जावईबापूंच्या डोळ्यासमोर धरायचे, पडद्यावर LAL उमटायचं. मग दुसरं, HIRVA. पुन्हा पहिलं. मला बघून दचकले आणि मग दोन्ही कार्डं त्यांनी मुकाट माझ्यासमोर ठेवली.

"सर, मला ही दोनी एकच दिसतेत. जलमापासून."

मी खुर्ची ओढून बसलो. ते सांगू लागले. "आमची मेंढरं हुती. आमची खूण लाल, शेजारच्याची हिरवी. मी साताठ वर्साचा असताना त्याची सगळी मेंढरं हाकून घरला आणली. बा म्हनला, ह्यो मेंढरामागं कामाचा न्हाई, ह्याला साळंत घाला. म्हून मास्तर झालो. पर डोळ्यात खोट हाय असं कुनाला सांगू? नोकरी ऱ्हाईल का? घरातबी सांगितलं न्हाई. मग ज्याला त्याला इचारायचं अन् बरोबर म्हनायचं." ते गाडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "ह्यो हितं ऱ्हायला तर कुनाला इचारायची गरज न्हाई."

वीस वर्षं मी या माणसाला स्टाफरूमभर हसत आलो होतो. मला माझीच लाज वाटली.

खंडेनवमीला आमच्याकडे शाळेतल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. घंटा, प्रयोगशाळेतला तराजू, कॉम्प्युटर, शिपायाची सायकल. त्यात जावईबापूंना मागे ठेवून कसं चालेल? सरांनी तेलात कालवलेलं कुंकू त्यांच्या कपाळावर ठसठशीत लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि त्यांना कपाटात बंद केलं. सुट्टी संपली, साहेब आले, जावईबापू बाहेर निघाले. कपाळी कुंकू तसंच होतं, पण त्या आठवड्यात शाळेतल्या घंटेलाही होतं, सायकलीलाही होतं. कुणाचं लक्ष जाणार?

बटण दाबलं. समोर हिरवा पट्टा असून गाडी मागे सुटली. पुन्हा उचलून ठेवली, पुन्हा मागे, थेट साहेबांच्या खुर्चीखाली. पडद्यावर LAL, LAL, LAL.

"एनु मास्तर, इद एनु?" हे काय चाललंय, असं साहेबांनी कन्नडात विचारलं.

"हौद री साहेब, हौद री," होय जी, होय जी, एवढंच सर म्हणत राहिले. कपाळाला घाम. मुलं फिदीफिदी हसायला लागली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं तेव्हा माझी नजर त्या डोळ्यावर गेली. काळ्या प्लास्टिकवर चिकटलेलं ते लाल सरांना दिसणं शक्यच नव्हतं.

मी जवळ जाऊन कुजबुजलो, "डोळ्यावर कुंकू हाय, त्येलाच आडवं समजून मागं सरायलाय. पुसा."

"पुसू? पूजेचं?" सर हादरले. मागून शिपाई ओरडला, "न्हाई सर, अशुभ!" सरांनी एकदा साहेबांच्या पेनाकडे पाहिलं, हात जोडले, "चुकी माफ करा जावईबापू," म्हणाले आणि रुमालानं ते कपाळ खसाखसा पुसलं.

जावईबापू हिरव्यावर चालले, लालवर थांबले, आणि साहेबांच्या बुटापासून बरोबर चार बोटांवरून अदबीनं मागे सरले. साहेब हसले आणि सही केली.

दिवाळीत सरांनी मला फराळाला बोलावलं. हेडमास्तरांच्या परवानगीनं जावईबापूही घरी आले होते. रत्नाक्का, म्हणजे सरांच्या पत्नी, पुण्याहून मुलानं पाठवलेली नवी साडी नेसून फराळ घेऊन आल्या. सरांनी गाडी उचलून त्यांच्या पदरासमोर धरली, पडदा वाचला आणि घसा खाकरला.

"निळी हाय. लई शोभायलीय तुला."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. "तीस वर्सांत पैल्यांदा माज्या साडीचा रंग सांगितलाव."

साडी जांभळी होती. त्या यंत्राला सहाच रंग ठाऊक, त्यात जांभळा नाही. "सर, ती—" मी सुरुवात केली, तर अक्कांनी चिवड्याची ताटली माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झालो. त्यांना सगळं माहीत होतं, बहुधा लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासूनच.

"व्हय, निळीच हाय," त्या सरांना म्हणाल्या. "लेकानं मुद्दाम निळी धाडलीय."

सर पुन्हा पडदा वाचत होते. आत चुलीवर तेल तापत होतं, तरी अक्का पदर पसरून त्या यंत्रासमोर उभ्या राहिल्या, सरांचं बघून होईपर्यंत.