चव्वेचाळीस एकोणसाठ

देवासच्या त्या बियाण्यांच्या कंपनीत नवं टेलिफोन यंत्र बसलं आणि प्रत्येकाला चार आकड्यांचा एक गुप्त कोड मिळाला. बाहेर फोन करायचा तर आधी कोड, मग शून्य, मग नंबर. घरगुती फोनला मनाई नव्हती. फक्त कोणाच्या कोडवरून कुठे आणि किती वेळ बोलणं झालं, ते महिन्याअखेर कागदावर छापून यायचं. स्टोअर सांभाळणाऱ्या बळवंतरावांना ही शिस्त फार आवडली. त्यांचे पणजोबा संस्थानच्या दरबारात शिक्के सांभाळत, आणि ही गोष्ट ऑफिसात कुणालाही सांगायची त्यांनी बाकी ठेवली नव्हती. अडचण एवढीच, की त्यांना कोड लक्षात राहत नसे.

रोज चार वाजता ते धारला थोरल्या बहिणीला, जमुनाताईंना, फोन करत. ताईंकडे मोबाईल नव्हता, जुना लँडलाईन होता. भावाचा फोन 'कचेरीतून' आला म्हणजे त्यांना शेजारणीला सांगायला बरं पडे. नव्या यंत्रावर बळवंतरावांनी तीन दिवसांत तीनदा चुकीचा कोड दाबून आपला फोन बंद पाडला. चौथ्या दिवशी त्यांनी रिसेप्शनवरच्या ऋतिकाला बोलावलं.

"हे एकच बटण दाबलं की ताईला फोन लागला पाहिजे. कोडसकट भरून टाक."

"होऊन जाईल काका. कोड बोला."

"चव्वेचाळीस एकोणसाठ," त्यांनी डायरीत पाहून सांगितलं.

ऋतिका मराठी घरातली, पण तिची शाळा सगळी हिंदीतली. चव्वेचाळीस तिने चवालीसवरून जुळवलं. एकोणसाठला मात्र ती अडली. विचारावं तर काका म्हणणार, मराठी घरातली पोर आणि आकडे येत नाहीत. तिने मनातल्या मनात फोड केली: एक, साठ. म्हणजे चार, चार, एक, सहा आणि शून्य. कोड तर चारच आकड्यांचा, तेव्हा शेवटचं शून्य बाहेरच्या लाईनचं. काकांनी तेही सांगून टाकलं, असं तिला वाटलं. पुढे धारचा नंबर भरून तिने बटण दाबलं आणि पलीकडून जमुनाताई बोलल्या. काकांनी खूश होऊन तिला खिशातली बडीशेप दिली.

चार-चार-एक-सहा हा मॅनेजर राजवर्धनसाहेबांचा कोड होता. ते दोघांनाही माहीत असायचं कारण नव्हतं.

महिना संपला, कागद छापून आले आणि साहेबांनी बळवंतरावांना केबिनमध्ये बोलावलं.

"बळवंतराव, हे तुमचं पान बघा. एकदम कोरं. पूरे ऑफिसमध्ये असा दुसरा माणूस नाही."

आपण रोज पंधरा मिनिटं बोलतो हे बळवंतरावांना ठाऊक होतं. यंत्राने वयाचा मान राखला असेल, असं त्यांना वाटलं. ते सांगणारही होते, पण साहेबांचा चेहरा इतका प्रसन्न होता की ते नुसते नम्रपणे हसले. पुढे जे झालं त्यातलं निम्मं पाप या हसण्याचं आहे, असं माझं मत आहे.

"आणि हे माझं पान," साहेब म्हणाले. "माझ्या कोडवरून कुणीतरी रोज धारला बोलतंय. चार ते सव्वाचार. कोड चोरलाय. चौकशी तुम्हीच करा, तुमच्याइतका साफ माणूस मला दिसत नाही."

बळवंतरावांनी नंबर निरखून पाहिला. बहिणीचा नंबर त्यांनी जन्मात पाठ केला नव्हता. पूर्वी डायरीत बघत, आता बटण दाबत. आपण ताईशी बोलण्यात गुंतलेलो असतो नेमकी तीच वेळ चोराने साधली, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं. चोराच्या हुशारीचं त्यांना थोडं कौतुकही वाटलं.

"नंबर लावून बघायचा का?" साहेबांनी विचारलं.

"छे, छे. चोराचे नातेवाईक खरं सांगतील होय? उलट सावध होतील."

संशय घ्यायला माणूस शेजारच्याच टेबलावर होता. डिस्पॅचचा उमाशंकर. सासुरवाडी धारची, आणि चारच्या सुमाराला हमखास खुर्चीवर नाही. वीस वर्षं दोघं एका डब्यात जेवत होते. पण कर्तव्य म्हटलं की बळवंतरावांच्या अंगात पणजोबा येत. त्यांनी कागद उमाशंकरपुढे धरला.

"हा नंबर ओळखतोस?"

उमाशंकरने नंबर वाचला. मग बराच वेळ बळवंतरावांच्या तोंडाकडे पाहिलं.

"नहीं भिया."

"धारचा आहे. तुझी सासुरवाडी धारची."

"है तो."

"मग साहेबांच्या कोडवरून तूच बोलत होतास?"

"लिख दो भिया, जो लिखना है."

बळवंतरावांनी लिहिलं. सुवाच्य अक्षरात दोन पानं लिहिली. आठवड्याभरात उमाशंकरची बदली उदयनगरच्या गोदामावर झाली आणि बळवंतराव एकटेच डबा खाऊ लागले. डबा कडू लागे, पण तो दोष ते बायकोच्या भाजीला देत.

पुढच्या महिन्याचा कागद आला. साहेबांच्या पानावर तोच नंबर, तीच वेळ, एकही दिवस खाडा नाही. साहेबांनी या वेळी कुणाला विचारलं नाही. बळवंतरावांना समोर बसवून त्यांनी नंबर फिरवला आणि स्पीकर लावला.

"कोण, बाळू?" जमुनाताईंचा आवाज केबिनभर झाला. "आज तीनलाच कसा रे फोन? बरा आहेस ना?"

साहेबांनीच ताईंची विचारपूस करून फोन ठेवला. ऋतिकाला बोलावणं गेलं.

"काकाच बोलले होते," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "चवालीस, एक, साठ."

"एकोणसाठ म्हणजे उनसठ गं," बळवंतराव पुटपुटले.

"मग उनसठ बोलायचं ना काका."

राजवर्धनसाहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांनी लगेच उमाशंकरला परत आणण्याचं पत्र काढलं. ते पत्र बळवंतरावांनी मागून घेतलं आणि रविवारी पहिल्या बसने उदयनगर गाठलं. वाटेत त्यांनी माफीची चार-पाच वाक्यं जुळवली होती. गोदामाच्या दारात उमाशंकर पोती मोजताना दिसला आणि त्यातलं एकही आठवेना.

"उमाशंकर, तो नंबर ताईचा निघाला रे."

"मालूम है भिया."

"तुला कसं?"

"सासुरवाडीला जाताना ताईंसाठी दिलेली तुमची थैली जीजीकडे कोण नेतं? बस स्टँड से पहले जीजी को फोन लगाता हूँ. नंबर मुँहज़बानी है."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

उमाशंकरने एक पोतं झटकून त्यांना बसायला दिलं. "मी बोलतो तर नोकरी तुमची जाते. रिटायरमेंट को डेढ़ साल बचा है आपका. मी सोचून बघितलं, साहबचा कोड चुराया तो चुराया, बहन के लिए ही चुराया."

"म्हणजे तू मला चोर समजत होतास?"

"हाँ भिया," उमाशंकर सरळ म्हणाला. "आजपर्यंत."

बळवंतरावांनी एकोणसाठची सगळी हकीकत सांगितली. उमाशंकर ऐकून घेत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"तो फिर आपने चोरी की ही नहीं?"

"नाही रे."

"मग मी इथे उगाच आलो," तो म्हणाला आणि पुन्हा पोती मोजायला लागला.

बळवंतराव पत्र हातात धरून पोत्यावर बसून राहिले. आपण तो कोड खरोखरच चोरला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं.