आबांच्या खाटेवरच्या बाटल्या

गेलं वर्षभर धोंडूआबा जमिनीवर झोपले आणि त्यांच्या खाटेवर सहा बाटल्या झोपल्या. आडव्या, ओल्या फडक्याखाली, माना एकाच दिशेला. बाटली उभी ठेवली की बूच वाळतं आणि आत वारं शिरतं, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं.

भाजे गावात आबांची आणि माझी भिंत एकच. त्यांचा सगळा जन्म रेल्वेच्या नोकरीत रूळ तपासत चालण्यात गेला, त्यामुळे बूड टेकणं त्यांना माहीत नाही. चहासुद्धा फेऱ्या मारत पितात. गळ्यात माळ, दारूच्या वासालाही उभे राहत नाहीत. बाटल्यांतली वाइन केलेली त्यांच्या बायकोनं, पारूमावशींनी. मावशी लोणावळ्याच्या एका बंगल्यात स्वयंपाकाला होत्या, तिथल्या मालकिणीकडून शिकल्या. गेल्या वर्षी जांभळांची बरणी भरली आणि आठ दिवसांच्या तापात मावशी गेल्या. बाटल्या आबांनी भरल्या. तिच्या हातचं हे शेवटचं नासू द्यायचं नाही, एवढं एकच त्यांनी मनात धरलं.

त्यात बळी गेला माझा. शाळेत विज्ञान शिकवलं, एवढाच माझा गुन्हा. दर दोन दिवसांनी आबा बाटली घेऊन दारात हजर.

"बाई, जरा जिभंला लावून बगा. वारं लागलं का?"

"आबा, तुम्ही बूच काढलंत, म्हणजे आत्ता लागलंच."

"मंग काढल्याबगर कळायचं कसं?"

मी चमचाभर चाखायची आणि समोरच्या ओसरीवरून सगळी आळी माझ्याकडे बघायची. चमचा गेला की बाटलीत तेवढी जागा रिकामी, म्हणजे पुन्हा वारं. मग आबा इंद्रायणीतले बारके गोटे आणून, उकळून, एकेक आत सोडायचे. वाइन गळ्यापर्यंत चढली की पाच मिनिटं समाधान.

"पोराला पुण्याचं वारं लागलं, तवा काय करता आलं न्हाई," एकदा म्हणाले. "ह्यास्नी न्हाई लागू देनार."

मे उजाडेपर्यंत बाटल्यांत वाइन कमी आणि नदी जास्त झाली होती.

गेल्या रविवारी चमचा तोंडात घेतला आणि माझे डोळे गच्च मिटले. सहाही बाटल्या चाखल्या, सगळ्यांची तीच गत. खोटं बोलावंसं फार वाटलं, पण जन्मभर पोरांच्या वह्यांवर लाल शाई ओढलेली, जीभ वळेना.

"आबा, वाइन गेली. सिरका झालाय."

आबांच्या फेऱ्या थांबल्या. मला मेलं अपराध्यासारखं झालं.

"सिरका म्हंजी, बंगल्यावर कांद्यावर घालत्यात त्यो?"

"हो."

"त्यो नासतो?"

"नाही. आता त्याला काही होत नाही."

"आन् दारू?"

"तिचाच तर सिरका झाला. दारू उरली नाही."

आबा आत गेले, कांदा घेऊन आले. माझ्या पायरीवर बुक्कीनं फोडला, बाटली त्यावर कलती केली. एक पाकळी तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिले.

"इतकी वर्सं करायची," ते म्हणाले. "माज्या माळंपायी मला कदी थेंब दिला न्हाई."

मग तिथंच पायरीवर बसले आणि सगळा कांदा सावकाश संपवला.