पंतांची थैली आणि तात्यासाहेबांची अखेरची स्वारी

श्री. ज्या आदिमायेने जन्माचे सोहळे मांडिले तिनेच निरोपाचाही सोहळा गोड करून द्यावा, ऐसे मागणे मागून हकिकत लिहितो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, माघ शुद्ध सप्तमी, भौमवासर, ते दिवशी सूर्योदयी तात्यासाहेब रणदिवे, वय वर्षे अठ्ठ्याऐंशी, चहाचा घोट घेऊन "आज साखर बरोबर पडली" ऐसे वदोन खुर्चीतच कैलासवासी जाहले. हे ज्या दौलतीत घडले तिचे नाव लिहिण्याचे कारण नाही, ज्याच्या त्याच्या घरी तीच दौलत आहे. तात्यासाहेब म्हणजे खो-खोच्या मैदानाचे चाळीस वर्षांचे पंच. राज्य दोन खुंटांच्या मध्ये, शस्त्र गळ्यातील पितळी शिट्टी, आणि दरारा ऐसा की शिट्टी वाजली असता रस्त्यावरील सायकलस्वारही खाली उतरोन उभे राहात. त्यांचे जिवलग विसाजीपंत गोगटे. तात्यासाहेब शिट्टी मारीत आणि पंत कडेला टेबल टाकून गुण लिहीत. लाखभर खो पंतांनी वहीत मांडिले, परंतु स्वतः एक वेळही मैदानात उतरले नाहीत, कां की पंत लेखणीचे मनुष्य, धावणे ठाऊक नाही.

तीन वर्षांमागे तात्यासाहेबांनी मृत्युपत्र केले, त्याचे व्यवस्थापक पंतांस नेमिले आणि पाकीट हाती देऊन म्हणाले, "विसू, मी गेलो की हे बघ. माझी पाठवणी हसतखेळत झाली पाहिजे. रडकी तोंडं दिसली तर उठून फाऊल देईन." पंतांनी हातावर हात मारून शब्द दिला. आणि पंत ऐसे सोवळे की दुसऱ्याच्या कागदावर नजर टाकणे पाप, म्हणोन डोळे मिटून ते पाकीट खाकी थैलीत घातले, वर लाखेच्या पाच मोहोरा केल्या, आणि थैली कपाटात बंद केली.

मग ते दिवशी वर्तमान कळताच पंत एक वेळ मनसोक्त रडले, तोंड धुतले, काळा कोट चढविला आणि थैली काखेस मारून स्वारी रणदिव्यांचे दारी दाखल जाहली. पाहतात तो दोन पुत्रांची लढाई ऐन रंगात आलेली. थोरले मधुसूदनराव आणि धाकटे जयदेवराव यांनी, गणपतीत आरतीचे ताम्हण आधी कोणी धरावे यावरून, वर्षभर अबोला धरिला होता. आता बोलणे भाग, सबब दोघेही भिंतीकडे पाहून बोलत. थोरले भिंतीस म्हणाले, "विद्युतदाहिनी, साडेअकरा. शांतपणे जायचं आणि शांतपणे यायचं." धाकटे दुसऱ्या भिंतीस म्हणाले, "बाबा काय चोरून चाललेत का? फुलांचा रथ सांगितलाय मी, भजनाचा स्पीकर सांगितलाय." तेव्हा आत्या, मामा, व्याही असे सारे मुत्सद्दी दोन फळ्या करून उभे राहिले, आणि कुळाचे व्हॉट्सॲप दरबारी अकरा मिनिटांत तीन वेळा अंत्ययात्रेची वेळ बदलली. पंत मध्ये टेबल मांडून बसले आणि म्हणाले, "थांबा. मृत्युपत्राचा व्यवस्थापक मी आहे." सारी सभा पंतांकडे वळली. मधुसूदनराव म्हणाले, "बरं झालं विसूकाका, मग सांगा काय करायचं ते." पंत म्हणाले, "तेराव्याला सांगतो."

ऐसा हशा त्या घरी मागे कधी उठला नसेल. पंत गोरेमोरे होऊन सांगू लागले की मृत्युपत्र तेरावे उरकल्यावर उघडावे ही वहिवाट, आणि वहिवाट मोडणे म्हणजे बेशिस्त. तेव्हा जयदेवराव संतापोन म्हणाले, "काका, मग आज तुमचं इथे काम काय? हा घरच्यांचा मामला आहे. तुम्ही घरचे नाही." हे शब्द पंतांच्या काळजास लागले. बाहेर बांबू आले, तिरडी बांधू लागले, दोरीच्या गाठी पडू लागल्या, आणि एकेका गाठीसरशी पंतांचा जीव खालीवर होई, कां की सारी तोंडे रडकी, भाऊ भावाचे तोंड पाहीना, आणि आपण मित्रास दिला शब्द डोळ्यांदेखत बुडतो आहे. वहिवाट सोडवेना आणि शब्दही सोडवेना.

तो आतून तात्यासाहेबांचे कुटुंब माईसाहेब आल्या. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. म्हणाल्या, "भावोजी, ह्यांनी त्या पाकिटावर लाल शाईनं काहीतरी मोठ्ठं लिहिलं होतं. मी पाणी द्यायला आले तर गालात हसत होते. काय लिहिलंय हो?" पंत म्हणाले, "वहिनी, मी पाहिलं नाही. डोळे मिटून ठेवलं होतं." माईसाहेब म्हणाल्या, "अगं बाई! मग उघडा की आता डोळे!" पंतांनी लाख फोडिली, पाकीट बाहेर काढिले, आणि वर बोटभर अक्षरांत लिहिलेले की, "आधी हे वाचा, मग रडा." पंतांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले. माईसाहेब मात्र पदर तोंडाशी धरून हसू लागल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या.

मग पंतांनी उभे राहून वाचिले ते येणेप्रमाणे: "विसूने डॉक्टरांचा दाखला आणि स्मशानाचा पास आणावा, हा कागद वाचावा, आणि कोणी भांडेल त्यास गप्प करावे. खांदा, मडके आणि अग्नी घरच्यांचा. आमच्या हिला दोन घास भरवणे हेही घरच्यांचेच काम, ते विसरू नये. रथ नको, स्पीकर नको. स्मशान जवळचे, वाट मैदानावरून. निघताना शिट्टी हिने मारावी. मडके धाकट्याने धरावे, थोरल्याने खांदा द्यावा, आणि मैदानाच्या फाटकाशी धाकट्याने थोरल्यास खो देऊन अदलाबदल करावी. पुढेही खांदा बदलणे तो खो देऊनच. खो नियमाने द्यावा: मागून यावे, पाठीस हात लावावा आणि मोठ्याने ओरडावे. पुटपुटेल तो माझा नव्हे."

"खांदा घरच्यांचा" हे वाचतानाही पंतांनी एक अक्षर सोडिले नाही. मग दाखला घेतला, स्वतः रांगेत उभे राहून पास आणिला, आणि दोन प्रहरी माईसाहेबांनी उंबऱ्यात उभे राहून पितळी शिट्टी ऐसी फुंकली की कावळे उडाले आणि स्वारी निघाली. मैदानाचे फाटक येताच जयदेवराव मडके सावरीत थोरल्या भावाचे पाठीमागे आले. क्षणभर हात अधांतरी राहिला. मग थाप पडली आणि "खो!" ऐसी आरोळी उठली. मधुसूदनराव वळले, वर्षानंतर प्रथम भावाकडे पाहिले, आणि नाक पुसत म्हणाले, "जोरात मारतोस रे, लहानपणापासून." दोघेही हसले आणि दोघेही रडले. मग जयदेवरावांनी खांदा दिला. मैदानात पोरी सरावास आल्या होत्या, त्यांनी दुतर्फा उभे राहून टाळ्या धरिल्या, आणि व्याही, मामा, भाचे असे सारे पाठी सरसावून चालू लागले की आपणास खो मिळावा.

पंत सर्वांचे मागे, रिकामी थैली छातीशी धरून, आपले काम जाहले ऐसे मनास समजावीत चालत होते. तो जयदेवराव आपली बाजू क्षणभर मामांकडे सोपवून निघाले, सारी रांग ओलांडून पंतांचे मागे गेले, आणि पाठीवर हात ठेवून कंठ फुटेतो ओरडले, "खो!" पंत दचकले. म्हणाले, "अरे, कागदात नाही हे. खांदा घरच्यांचा." जयदेवराव म्हणाले, "काका, सकाळी चुकलं माझं. आता उठा. खो मिळाल्यावर बसून राहणं म्हणजे फाऊल."

मग एक्याऐंशी वर्षांचे विसाजीपंत थैली टाकून धावले. धोतराचा सोगा सुटला, चप्पल एकीकडे राहिली, पोरी ओरडू लागल्या, "आजोबा, पळा! पळा!" आणि पंत तिरडीखाली शिरोन मित्राचे ओझे खांद्यावर घेते जाहले.

अग्नी दोघा भावांनी मिळून दिला. तेराव्यास वाचण्यास काही उरले नाही, म्हणोन नुसते जेवले. तात्पर्य, कागद ज्याचे हाती त्याने वेळीच उघडावा, खांदा ज्याचा त्याने हसत द्यावा, आणि घरचा कोण हे पाठीवरील हात सांगतो. त्याच सांजेस पंतांनी जुनी गुणवही काढून शेवटल्या पानी प्रथमच आपले नाव लिहिले आणि पुढे मांडिले: खो, एक. इति हकिकत, पाहिली तैसी लिहिली.