सोपानअप्पांचा पहिला पीस

आमचे घरमालक सोपानअप्पा पास्ता व्हर्नियरने मोजतात. पट्ट्या लाटून झाल्या की खिशातून ते पोलादी मापाचं हत्यार निघतं, कपाळावरचा चष्मा नाकावर उतरतो आणि एकेका पट्टीची जाडी तपासली जाते. दीड मिलिमीटरच्या वर गेलेली पट्टी बाजूला पडते. "लातूरकर, इटलीवाल्यानं ही बगितली तर काय म्हनंल? रिजेक्ट!" मी लातूरचा, म्हणून लातूरकर. माझं खरं नाव त्यांनी भाडेकरारावर एकदा वाचलं असेल तेवढंच.

अप्पा मूळचे चिखलीचे. त्यांच्या शेतात आता इमारती उभ्या आहेत, त्यांतली एक त्यांची आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही. चाकणच्या एका कंपनीत ते तीस वर्षं तपासणी खात्यात होते. रिटायर झाल्यावर त्यांच्या वयाची माणसं भजनाला लागतात, नाहीतर पारावर बसून प्लॉटचे भाव सांगतात. अप्पा स्वयंपाकघरात शिरले आणि तिथून थेट परदेशात गेले. त्याआधी त्यांनी स्वतःचा चहासुद्धा कधी केला नव्हता. त्या माणसाच्या हातची कोरियाची किमची मी खाल्ली आहे, मेक्सिकोचे टाको खाल्ले आहेत. तुर्कस्तानचा बकलावा त्यांनी केला तेव्हा त्याचे पदर मोजायला मला भिंग दिलं होतं. मी मोजले, चाळीस भरले. मला तर पोळीचे दोन पदर सुटले तरी कौतुक वाटतं.

ओव्हन म्हणाल तर तो दुकानातला नाही. गाड्यांच्या सुट्या भागांवरचा रंग ज्या भट्टीत भाजतात, तशी भट्टी त्यांनी शेजारच्या वर्कशॉपमधून बनवून घेतली आणि गच्चीवर बसवली. पहिला पिझ्झा दोन मिनिटांत कोळसा झाला. दुसरा कुणी भट्टीवाल्याच्या नावानं खडे फोडत बसला असता. अप्पांनी भिंतीवर फळा लावला आणि पाच वेळा 'का?' लिहिलं. काही बिघडलं की पाचदा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ सापडतं, ही कंपनीची रीत. पिझ्झा का करपला? भट्टी तापली म्हणून. भट्टी का तापली? असं करत करत त्यांचं पाचवं उत्तर नेहमी एकाच जागी येतं: "आमी शेत इकलं म्हनून." मग ते फळा पुसतात.

कंपनीची आणखी एक रीत अप्पांनी घरी आणली. नवीन माल सुरू झाला की पहिला पीस तपासणीला जातो, तो पास होईपर्यंत मशीन पुढे चालत नाही. अप्पांच्या घरी काहीही बनलं की पहिला पीस मंदाकाकूंना. काकू, म्हणजे अप्पांची बायको, गॅलरीत शेंगा सोलत बसलेल्या असतात. त्या घास घेतात, सावकाश चावतात आणि म्हणतात, "चांगलं झालंय." तोपर्यंत आम्ही कुणी ताटाला बोट लावायचं नाही.

एवढं ऐकून कुठलाही नवरा खूश होईल. अप्पा चिडतात.

"चांगलं म्हंजी काय? खोट काड की! तिखट हाय, आळणी हाय, कायतरी सांग!"

"बरं हाय की वो."

"न्हाई. नीट खा, मंग सांग."

जन्मभर दुसऱ्याच्या मालात खोट काढलेला माणूस, आपल्या मालात कुणीतरी खोट काढावी म्हणून असा हातापाया पडतो, याची मला भारी गंमत वाटायची. एकदा मीच म्हणालो, "अप्पा, लिंबू जरा जास्त झालंय." ते म्हणाले, "तुला कुनी इच्यारलं?"

मग एकदा माझ्या बायकोनं त्यांच्या घरी चहा केला आणि घाईत साखरेऐवजी मीठ पडलं. पहिला घोट घेऊन मी तसाच मोरीकडे पळालो. परत आलो तर काकूंचा कप रिकामा होता. "चांगला झालाय," त्या म्हणाल्या.

माझी बायको गोरीमोरी झाली. अप्पा मला गच्चीवर घेऊन गेले.

"दोन वर्सं झाली, राव. तापातनं उठली आन् तोंडाची चवच गेली. डाक्टर म्हनले येईल. न्हाई आली. पिठलं, ठेचा, मासवडी, समदं करून घातलं. तिला माती आन् मासवडी सारखीच. मंग म्हनलं, आपल्याकडच्या चवी गेल्या आसतील, पर जगात देस का थोडे हायेत? कुटल्यातरी देसाची एखादी ऱ्हायली आसंल की तिच्या तोंडात."

मी भट्टीकडे बघत उभा राहिलो. हा माणूस एकेक देश तपासत चालला होता, आणि मी त्याच्या बकलाव्याचे पदर मोजले होते. त्या दिवशी मला अप्पांच्या पाया पडावंसं वाटलं. ते रागावले असते, म्हणून पडलो नाही.

मागच्या रविवारी त्यांनी पाव केला. स्वयंपाकघरात मला म्हणाले, "ह्यात मीठ न्हाईच. इटलीत एका भागात आसाच करत्यात. इसरलो न्हाई, मुद्दाम टाकलं न्हाई." पहाटेपासून पीठ मळून खांदे भरून आले होते आणि भट्टीला भाजलेल्या हातावर पट्टी होती. पहिला तुकडा घेऊन ते गॅलरीत गेले. काकूंनी तुकडा घेतला, पण त्या बघत होत्या पट्टीकडे. बराच वेळ चावून झाल्यावर त्या म्हणाल्या, "जरा खारट झालाय वो."

अप्पांनी पट्टीचा हात पाठीमागे नेला.

"थोडा का लई?" त्यांनी विचारलं.

"थोडा. वरच्या अंगाला."

"व्हय," अप्पा म्हणाले. "माजंच चुकलं. फुडच्या बारीला कमी टाकतो."

काकूंनी मला तुकडा दिला. "तुमाला न्हाई लागत?"

मी खाल्ला. पाव पार अळणी होता. "लागतो की," मी म्हणालो, "खारटच आहे."

अप्पा पाठ फिरवून आत गेले आणि बेसिनमधला धुतलेला ट्रे पुन्हा धुवायला लागले. काकू माझ्याकडे झुकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "खूश दिसत्यात का?"

अप्पांचा चेहरा मला दिसत नव्हता. मी मान हलवून हो म्हटलं.