तटस्थ सबनीसकाका

मुलाखतीला आलेलं पोर खुर्चीवर टेकायच्या आत सबनीसकाका त्याच्यासमोर एक पांढरं हेल्मेट ठेवत. घडीचं, भूकंपात डोक्यावर घालायचं. तसंच दुसरं स्वतःच्या उजव्या हाताशी. मग म्हणत, "तयारी पाहिजे, घबराट नको. हं, आता तुझं नाव सांग." यानंतर कित्येक मुलांना स्वतःचं नावच आठवत नसे, असं तोक्योजवळच्या आमच्या ग्योतोकुतल्या मराठी घरांमधून सांगतात.

त्यात थोडं तिखटमीठ असेल. पण आमच्या इराला तिचं नाव आठवेल की नाही या काळजीनं मी त्या वर्षी दोन महिने धड जेवले नव्हते, त्यात तिखटमीठ नाही.

सबनीसकाका मूळचे दादरचे. ट्रेडिंग कंपनीत नोकरी, जपानात वीसेक वर्षं. तरुणपणी अमेरिकेतल्या एका फार नावाजलेल्या कॉलेजात शिकलेले. त्या कॉलेजची एक रीत आहे. मुलानं अर्ज केला की त्याच्याच शहरात राहणारा कॉलेजचा एखादा जुना विद्यार्थी त्याला तासभर भेटतो, गप्पा मारतो आणि मुलगा कसा वाटला ते कॉलेजला लिहून कळवतो. आमच्या भागात हे काम सबनीसकाकांकडे. गप्पा, म्हणे! गप्पा आपण पाहुण्यांशी मारतो. ज्याच्या चार ओळींवर पोरीचं पुढचं आयुष्य लटकतंय, त्याच्याशी काय गप्पा मारणार?

काकांचे नियम कडक होते. मुलाच्या पैशानं चहा नाही. आईबाप नजरेच्या टप्प्यात नकोत. दिसले तर मुलाखत तिथल्या तिथे रद्द. आणि मुलाखत झाली की ओळख संपली. "तटस्थता म्हणजे तटस्थता," असं ते दोनदा म्हणत. मुलाखत झालेला मुलगा तोझाई लाइनच्या फलाटावर दिसला तर काका शेवटच्या डब्याकडे चालू लागत. माझ्या मैत्रिणीचा, मानसीचा अथर्व एकदा शेवटच्याच डब्याशी उभा होता. काकांनी गाडी सोडली आणि उशिरा ऑफिसला गेले. जपानात ऑफिसला उशिरा जायचं म्हणजे काय, हे इथे राहिलेल्यांना सांगायला नको.

या मानसीनंच 'सबनीस प्रश्नसंच' काढला होता. आपण मराठी माणसं जगाच्या पाठीवर कुठेही गेलो तरी गेल्या पाच वर्षांचे प्रश्न मिळवल्याशिवाय परीक्षेला बसत नाही. मानसीनं आधीच्या मुलांना गाठून, खाऊपिऊ घालून त्यांच्याकडून सगळे प्रश्न काढून घेतले आणि टाइप करून ठेवले. तो संच एका घरातून दुसऱ्या घरात असा जायचा की हळदीकुंकवाचं वाण झक मारेल.

प्रश्न भलतेच होते. आवडतं पुस्तक नाही, आयुष्याचं ध्येय नाही. 'घरात पाणी किती लिटर साठवलंय? इमारतीला जिने किती? गाड्या बंद पडल्या, फोन लागला नाही, तर आईवडलांना कुठे भेटायचं ठरलंय?' मानसीचं म्हणणं, यात खोल मानसशास्त्र आहे. मुलाचं नेतृत्व तपासतात. मग काय! बारावीतलं पोर असलेल्या प्रत्येक घरात पाण्याच्या बाटल्यांच्या चळती लागल्या. आम्ही तर बाल्कनीत कपडे वाळत घालायची जागाही पाण्याला दिली. २०११चा मोठा भूकंप होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत सरकारी पत्रकांनी आमच्याकडून जे करून घेतलं नाही, ते सबनीसकाकांच्या धाकानं झालं.

"इरा, सांग बघू, फोन लागला नाही तर कुठे भेटायचं?" मी जेवताना विचारायची.

"शाळेच्या मैदानात. आई, उरुसाई!" उरुसाई म्हणजे डोकं खाऊ नकोस. आमची इरा प्रेम मराठीत करते आणि वैताग जपानीत व्यक्त करते.

"मुलाखतीत असं तोंडातून गेलं म्हणजे?"

"दाइजोबु गं, काही होत नाही." असं म्हणाली खरी, पण ती नखं खात होती. लहानपणी सुटलेली सवय त्या हिवाळ्यात परत आली होती. तिला ते कॉलेज मनापासून हवं होतं. ती तसं बोलून दाखवत नसे, म्हणून तर मला जास्त भीती वाटे.

मुलाखत जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी होती, स्टेशनजवळच्या एका हॉटेलात. तळमजला, दाराजवळचं टेबल, वर लोंबता दिवा नाही. टेबल काकांनी आधी येऊन पाहून ठेवलं होतं. मी घरीच थांबायचं ठरलं होतं. मी थांबले नाही. समोरच्या कोंबिनीत, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात शिरले आणि काचेला लागून मासिकं असतात तिथे उभी राहिले. हातात येईल ते मासिक घेतलं, ते निघालं मासे पकडण्याचं. त्याच्याआडून मला हॉटेलची काच, काकांचं टक्कल आणि इराचा अर्धा चेहरा दिसत होता. ती बोलत होती. एकदा हसलीसुद्धा. माझ्या जिवात जीव आला.

आणि दुकानातले सगळे फोन एकदम किंचाळायला लागले.

भूकंपाच्या इशाऱ्याचा तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला मी काय सांगते ते कळेल. मग पायाखालची फरशी सरकली, बाटल्या किणकिणल्या, काच थरथरली. समोर पाहिलं तर टेबलाशी काका नाहीत आणि इरा नाही. दोघंही टेबलाखाली गेली होती.

मी धावायला पाऊल उचललं आणि तसंच थांबवलं. मी दिसले तर मुलाखत रद्द. जमीन हलतेय, पोर टेबलाखाली आहे आणि आई रस्त्याच्या पलीकडे मासे पकडण्याचं मासिक छातीशी धरून नियमाचा विचार करतेय! मी हे आजवर नवऱ्यालाही नीट सांगितलेलं नाही. मला स्वतःची लाज वाटते. पण त्या क्षणी मला कशाची जास्त भीती वाटत होती, हे मला खरोखरच कळत नव्हतं.

मिनिटभरात सगळं थांबलं. हॉटेलातल्या जपानी बायकांनी धरून ठेवलेले कप खाली ठेवले आणि पुन्हा केक खायला लागल्या. इरा बाहेर आली. काका आले नाहीत. इरानं वाकून पाहिलं आणि परत खाली गेली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. वेट्रेस येऊन गुडघ्यावर बसून काहीतरी विचारून गेली. पाऊण तासानं इरा एकटी रस्त्यावर आली, तेव्हा मी ते मासिक विकत घेऊन बाहेर उभी होते.

"आई, काका खूप घाबरले गं," ती म्हणाली. "हेल्मेट घातलंच नाही. माझा हात धरला तो सोडेनात. आणि मला निखिल म्हणत होते. निखिल, टेबलाखालून बाहेर येऊ नकोस, मी चालत निघालोय, असं सारखं."

"मग तू काय केलंस?"

"मी म्हटलं, बरं बाबा, नाही येत."

निखिल कोण ते मिलिंदनं, माझ्या नवऱ्यानं सांगितलं. काकांचा मुलगा. तो मोठा भूकंप झाला तेव्हा निखिल आठवीत होता, घरी एकटा. गाड्या बंद, फोन बंद. काका तोक्योच्या ऑफिसातून चालत निघाले ते अंधार पडल्यावर पोचले. निखिल तोवर जेवणाच्या टेबलाखालीच बसून होता. आठवड्याच्या आत काकू त्याला घेऊन पुण्याला गेल्या. काका म्हणाले, ऑफिसचं मार्गी लावून येतो. ऑफिसचं मार्गी लागलं नाही, की काकूंनी वाट पाहणं सोडलं, ते आपल्याला माहीत नाही. निखिल आता तिकडेच कॉलेजात आहे. कुठे अर्ज करू, हे त्यानं वडलांना एका शब्दानं विचारलं नव्हतं.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, त्याच्यामागोमाग मनात आलं, की ज्या मुलीनं आपल्याला असं पाहिलं तिच्याबद्दल हा माणूस आता काय लिहील?

चार दिवसांनी संध्याकाळी बेल वाजली. दारात काका.

"वहिनी, आत येत नाही. एवढंच सांगायचंय, की मी इराचा अहवाल लिहू शकत नाही. तीनदा बसलो. तिन्ही वेळा सगळं चांगलंच लिहून झालं. त्या मुलीनं माझा हात धरला होता. मी आता तटस्थ नाही. कॉलेजला तसं कळवलंय, दुसरं कोणीतरी मुलाखत घेईल."

"अहो, पण आता वेळ कुठे राहिलाय? आणि चांगलं वाटतंय तर चांगलं लिहा की!"

"नियमात बसत नाही," ते खाली बघत म्हणाले आणि जिन्यानं उतरून गेले. लिफ्ट ते वापरत नसत.

मी इतकी संतापले की त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ पडलं. यांच्या सोवळ्यापायी माझ्या पोरीनं का भोगायचं? शेवटी कोबेच्या एका बाईंनी कॉम्प्युटरवरून वीस मिनिटं मुलाखत घेतली. मध्ये दोनदा आवाज गेला. इरा म्हणाली, बरी झाली. ती नखं खातच होती.

निकाल मार्चअखेरीस, इथल्या सकाळी सातला लागणार होता. पावणेसातला बेल वाजली. मी दार उघडलं तर काका, इस्त्रीचा कोट घालून.

"आता चालतं," ते म्हणाले. "मी तिचा परीक्षक नाही."

"या ना आत."

"नको, इथेच बरा आहे." दाराच्या आत बूट काढायची जी खोलगट जागा असते, तिथेच ते बूट घालून भिंतीला चिकटून उभे राहिले. चेहरा पांढराफटक. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, एवढी मुलं तुमच्या हाताखालून गेली. तुम्हाला याची सवय असेल."

"कसली सवय, वहिनी? कॉलेज दरवर्षी पत्र पाठवतं, कोणाचं झालं, कोणाचं नाही. मी एकही उघडलेलं नाही. धीर होत नाही." मग म्हणाले, "पोरांनी पाणी साठवलेलं असतं की नाही, एवढंच बघतो मी. ते काही अहवालात लिहायचं नसतं."

मिलिंद इराच्या मागे उभा होता. मी देवाकडे पाहणं टाळत होते. सात वाजले. इरानं स्क्रीनवरची चारच ओळींचा मजकूर वाचला आणि लॅपटॉप हळूच मिटला.

"नाही झालं," ती म्हणाली. चक्क मराठीत, आणि कोणाकडेही न बघता.

मिलिंदनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकला. मी काकांकडे पाहिलं. मनात म्हटलं, आता हा माणूस नियम सांगेल आणि जिना उतरेल.

काका खाली वाकले. एका बुटाची नाडी सोडली, मग दुसऱ्या. बूट जोडीनं नीट लावून ठेवले, आत आले आणि इराच्या शेजारी सोफ्यावर बसून राहिले.