अठ्ठावीस वर्षांचा मेंदू

टेलरमास्तरांनी एका पँटचे तिन्ही खिसे उजव्याच बाजूला लावले, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, बस झालं आता. तुम्ही विसरायला लागलात. पहिल्या तारखेपासून दुकान भाड्याने देऊ."

मास्तरांना प्रश्न पडला. चाळीस वर्षं मशीनवर पाय मारले, आता घरी बसून करायचं काय? बायकोला मदत? हे ऐकून बायकोच जास्त घाबरली.

मग सुनेने मोबाइलमध्ये स्मरणशक्तीचा खेळ घालून दिला. आकडे चमकायचे, नाहीसे व्हायचे, ते ओळीने सांगायचे. मास्तर हात धुऊन मागे लागले. पंधरा दिवसांत मोबाइलने जाहीर केलं, तुमचा मेंदू अठ्ठावीस वर्षांचा आहे! मास्तरांनी ते अख्ख्या गल्लीला दाखवलं आणि मापांची वही माळ्यावर फेकली.

त्याच आठवड्यात बँकेचे मॅनेजर आणि व्यायामशाळेचे मालक एकापाठोपाठ सूट शिवायला टाकून गेले.

शनिवारी मॅनेजरसाहेबांचा निरोपसमारंभ. तासभर आधी त्यांनी दुकानात येऊन करडा कोट चढवला आणि ते त्यात दिसेनासेच झाले. पडद्यामागून व्यायामशाळेचे मालक डाळिंबी कोटात अडकून ओरडले, "मास्तर, श्वास घेऊ का नको?"

"अहो, असं कसं?" मास्तर हट्टाला पेटले. "छाती छत्तीस, कंबर बत्तीस, बाही तेवीस! छाती अठ्ठेचाळीस, कंबर चव्वेचाळीस, बाही पंचवीस! एक तरी आकडा चुकलाय?"

"आकडे बरोबर आहेत हो," मॅनेजर कोटातून म्हणाले. "माणसं चुकलीत."

"बाबा, त्या खेळात माणसं नव्हतीच ना," डबा घेऊन आलेली सून हळूच म्हणाली.

मुलगा दारातच उभा होता. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरात पहिली तारीख शोधली, तेच मास्तरांना जास्त लागलं. आता इलाज एकच होता. कोटांची अदलाबदल झाली आणि आयुष्यभर करड्यात वावरलेले मॅनेजर डाळिंबी रंगात, देवाचं नाव घेत, समारंभाला गेले.

दुपारी ते तीन कारकुनांना घेऊन परत आले. "मास्तर, सगळं ऑफिस उठून टाळ्या वाजवत होतं! बायकोने दोनदा वळून पाहिलं! या तिघांनाही हाच रंग हवाय."

मुलगा चटकन पुढे झाला. "बाबा, तुम्ही नुसती मापं सांगा. मी लिहितो, म्हणजे घोळ नको."

त्याने रेघा मारून, ठळक अक्षरात सगळं टिपलं. मंडळी गेली. मास्तरांनी कागद हातात घेतला.

"अक्षर झकास आहे रे. यातलं कोणाचं कोणतं?"

मुलाने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. त्याचे कान लाल झाले.

"बाबा... पहिल्या तारखेपासून मी बसू का तुमच्याजवळ? शिकायला?"

"बस की, राजा," मास्तर म्हणाले. "पण आधी पळ!"

आणि बापलेक टेप घेऊन कारकुनांच्या मागे धावत सुटले.